मुलीला पहिला खिशातला चाकू: कोणता घ्यावा?

पिंपळपान (धागाकर्ती)

लेकीला पुढच्या महिन्यात आठ पूर्ण होतील. गेलं वर्षभर हातात काठी आली की ती कशाने ना कशाने तासायला लागते. एकदा करकटकाच्या टोकाने अंघोळीच्या साबणाचा मासा कोरला, कल्ले-खवल्यांसकट. तिच्या मामाने तो पाहिला आणि जाहीर करून टाकलं की वाढदिवसाला चाकू माझ्याकडून. मग त्याने फोटो पाठवला. तेरा अवजारांचा, पक्कड, करवत, कात्री सगळं एकात, आणि बंद केला की वीट. म्हटलं, दादा, जरा दम धर, मी आधी चौकशी करते.

तर चौकशी इथे. माझ्या मनात दोन आहेत. एक तो लाल स्विस चाकू, मुलांसाठी गोल टोकाचा येतो तो. दुसरा लाकडी मुठीचा ओपिनेल, त्यातही गोल टोकाचा मिळतो. लॉकवाला (उघडलेलं पातं अडकवून धरणारा) बरा की साधा? टोक गोल असल्याने खरंच फरक पडतो की ते नुसतं आईबापांचं समाधान? आणि आठ म्हणजे फार लवकर होतंय का? नवरा म्हणतो बारा. मामा म्हणतो कालच द्यायला हवा होता. घरात चार वर्षांचा धाकटाही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शंकासुर

बाराच्या बाजूने एक मत. बाकी वाचतोय.

सुतारपक्षी

वयाचा आकडा मी धरत नाही. माझ्याकडे लाकूडकाम शिकायला मुलं येतात, सात वर्षांचीही येतात आणि चौदाचीही. चौदातल्या काहींच्या हातात मी अजून पॉलिशपेपरच्या पुढे काही दिलेलं नाही. मी तीन गोष्टी बघतो. आखलेल्या रेषेवरून कात्री चालवताना, जीभ बाहेर काढून का होईना, पोर रेषेवर राहतं का. 'थांब' म्हटल्यावर हात तिथल्या तिथे थांबतो, की 'एकच मिनिट' म्हणत आणखी दोन फटके मारतो. आणि लागलं-खुपलं तर येऊन सांगतं, की ओरडा बसेल म्हणून लपवतं. तिसऱ्या गोष्टीत खरं तर आपणच पास-नापास होतो.

आता चाकू. लोक धार आणि टोक बघतात, मी मिटणं बघतो. माझ्याकडच्या मुलांनी घडीच्या चाकूवर जे काही कापून घेतलं त्यातलं बरंचसं पातं मिटताना झालं. उघडताना पोर सावध असतं. काम संपलं की लक्ष उडतं, चार बोटं मुठीच्या खाचेवर तशीच राहतात आणि पातं खाली येतं. म्हणून दुकानातच पाहून घ्या. मुलीने चाकू स्वतः दहा वेळा उघडायचा आणि दहा वेळा मिटायचा, तुम्ही हात लावायचा नाही. दहाव्या वेळीही नखाने पातं निघत नसेल किंवा मिटताना ती मूठ पोटाशी धरून जोर लावत असेल, तर तो चाकू कितीही नावाजलेला असो, तिच्यासाठी नाही.

लॉकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'लॉकवाला' या एका शब्दात तीन-चार वेगळ्या वस्तू येतात. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. मिटताना ती अंगठ्याने बाजूला दाबावी लागते, आणि तेव्हा अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. मोठ्यांना सवयीने जमतं, पोराला मी देणार नाही. बॅक लॉकची कळ मुठीच्या पाठीवर असते, बोट वाटेत येत नाही, पण स्प्रिंग कडक असते आणि लहान पंजाला ती दाबून धरणं जड जातं. ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी धातूची कडी आहे, ती गोल फिरवली की पातं अडकतं. बोट पात्याच्या वाटेत न्यावंच लागत नाही. दोघांतलं एक निवडायचं तर माझं मत कडीला.

चकमक

सुतारपक्षी, मिटण्याचा मुद्दा सोळा आणे खरा, पण कडीबद्दलची अर्धी गोष्ट राहिली. ओपिनेलमध्ये स्प्रिंग नाही. कडी फिरवायला विसरलं तर पातं जागेवर राहतं ते फक्त लाकडाच्या घट्टपणावर. स्विस चाकूत लॉक नसतं पण पाठीला स्प्रिंग असते, पातं मिटायला लागलं तर ती विरोध करते. म्हणजे कडी विसरलेला ओपिनेल हा साध्या स्विसपेक्षा जास्त धोक्याचा. आणि आठ वर्षांचं पोर विसरणार नाही असं म्हणणाऱ्याला पोरं नसावीत.

दुसरं, लॉक आहे म्हटलं की मुलं चाकूने भोसकायला, टोकाने खड्डा पाडायला, पातं फटीत घालून उचकटायला लागतात. बिनलॉकच्या चाकूने हे केलं तर पातं लगेच हलतं आणि कळतं की जोर फक्त धारेच्या दिशेने द्यायचा. ही शिस्त पहिल्या चाकूवर लागलेली बरी. मी स्वतः बिनलॉकच्या स्विसवर शिकलो, दोन्ही मुलांनाही तोच दिला.

तो दिसायला खेळणं वाटला तरी वंशावळ जुनी आहे. कार्ल एल्सेनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि आज आपण ओळखतो तो अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ मध्ये नोंदवला. व्हिक्टोरिनॉक्स हे कंपनीचं नाव पुढे पडलं, त्यात त्याची आई व्हिक्टोरिया आहे आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद आहे. मुलांना ही गोष्ट सांगितली तर चाकू जपून ठेवतात, हा माझा अनुभव.

सुतारपक्षी

कडी विसरली तर, हे कबूल. त्यावर माझा उपाय म्हणजे 'कडी' हा शब्द मोठ्याने म्हणायचा. पातं उघडलं, 'कडी', मग काम. मिटायच्या आधी पुन्हा 'कडी'. पंधरा दिवसांत मुलं झोपेतही बडबडतात.

वंशावळीचंच म्हणाल तर ओपिनेलही कमी नाही. जोसेफ ओपिनेलने पहिला चाकू १८९० मध्ये फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात केला, मापांचे नंबर १८९७ मध्ये आले. ही कडी मात्र बरीच नंतरची, १९५५ची. त्याआधीची सगळी पिढी तुम्ही म्हणता तशी नुसत्या घट्टपणावर काम करत होती आणि बोटं शाबूत होती. बहुतेकांची.

रानमोगरा

तुम्ही दोघं घडीच्या चाकूवरच का अडलात ते कळेना. मिटणं हा मोठा धोका असेल तर न मिटणारा घ्या ना! स्वीडनच्या मोरा चाकूंमध्ये मुलांसाठी मुठीपुढे बोटअडसर असलेले चाकू येतात. हात घसरून पात्यावर जात नाही, मूठ जाड आणि भरीव, आणि वापरून झाला की म्यानात. कळ नाही, कडी नाही, काही विसरायचं नाही. तासायला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण घडीच्या चाकूत पात्याची खाच असते आणि जोराने काम करताना ती तळहाताला टोचते.

पिंपळपान

रानमोगरा, पटलं अगदी, आणि लेकीला फोटो दाखवलाही. उत्तर आलं, 'तो खिशात कुठे मावतो?' तिला मासे कोरायचे आहेत, पण त्याहून जास्त तिला खिशात चाकू असलेली मुलगी व्हायचं आहे. काय करू!

रानमोगरा

हरले. खिशापुढे म्यान टिकत नाही.

पण एक करा, घडीचाच घ्या आणि पहिले काही दिवस तो उघडा ठेवूनच वापरायला द्या. तुम्ही उघडून हातात द्यायचा, तुम्हीच मिटून परत घ्यायचा. तासणं आणि मिटणं ही दोन कौशल्यं आहेत, एका दिवशी शिकवू नका.

सुतारपक्षी

हे मी आजपासून माझ्याकडच्या मुलांसाठी चोरतोय.

अबोली

तेरा अवजारांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही मुलाला तसलंच दिलं होतं, एका नातेवाइकाच्या हौसेपायी. हातात धरवेना. मूठ इतकी जाड की बोटं वळून अंगठ्याला भेटतच नव्हती, मग पकड कसली. पहिल्या आठवड्यात पोराने फक्त करवत वापरली, तीही जेवणाच्या टेबलाच्या पायावर. पुढे त्याचा आतला खटका निकामी झाला, पातं अर्धवट उघडं असताना फटकन मिटलं. नशीब म्हणून फक्त नख गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता ती वस्तू मिळतही नाही.

माझं सांगणं इतकंच, चाकू तिच्या मुठीत द्या आणि चारही बोटं मुठीवर नीट बसतात का बघा. एक बोट बाहेर राहिलं तरी तो लहान, बोटं पुरी वळली नाहीत तर तो जाड.

चकमक

अबोली, लहानाचा मुद्दा महत्त्वाचा. किल्लीच्या कडीत अडकवायचे ५८ मिलिमीटरचे चाकू 'लहान मुलाला लहान चाकू' म्हणून हमखास दिले जातात. ते चिमटीत धरावे लागतात आणि चिमटीत धरलेल्या पात्यावर कसला ताबा? स्विसच्या मुलांच्या गोल टोकाच्या चाकूची मूठ ८४ मिलिमीटरची आहे, ती आठ-नऊ वर्षांच्या हातात बरोबर बसते. मोठ्यांचा नेहमीचा ९१चा.

अवजारांचं म्हणाल तर एक पातं पुरे. हवंच असेल तर डबा उघडायचं आणि पेचकस. करवत दुसऱ्या वर्षी.

डावखुरी

नावावरून कळलंच असेल. मुलगी डावरी असेल तर लायनर लॉककडे अजिबात फिरकू नका, त्याची पट्टी बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी बसवलेली असते. ओपिनेलच्या कडीला डावं-उजवं नसतं. मला बेचाळिसाव्या वर्षी हा शोध लागला, तोवर मी स्वतःलाच वेंधळी समजत होते.

पिंपळपान

उजवीच आहे, पण हे कधी डोक्यातच आलं नसतं. धन्यवाद!

पांढराडगला

दवाखान्यातून वाचतोय, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. हातावर जखम होते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या हाताला, म्हणजे लाकूड धरलेल्या हाताला. तर्जनी आणि अंगठा. त्यामुळे चाकूच्या हाताकडे बघत बसू नका, दुसरा हात कुठे आहे ते बघा. तो नेहमी पात्याच्या मागे हवा. तुकडा आखूड असेल तर बोटं आपोआप पुढे सरकतात, म्हणून लाकूड वीतभर लांब घ्यायचं आणि फक्त पुढचं टोक तासायचं.

बसण्याबद्दल कुणीच सांगत नाही. मुलं मांडीवर काठी टेकवून तासतात. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि तिथला घाव बोटासारखा दाबून थांबवायचा प्रकार नसतो. बसून, कोपरं गुडघ्यांवर, हात गुडघ्यांच्या पुढे, काम दोन्ही पायांच्या पलीकडे. एवढी एक सवय लागली तर बाकी चुका बँडेजवर निभावतात.

टोकाबद्दल विचारलंत. फरक पडतो. धारेने होणारा घाव लांब दिसतो, रक्त बरंच येतं, पण बऱ्याचदा वरवरचा असतो. टोकाने घुसलेला बाहेरून एवढासा दिसतो आणि आत किती गेला ते कळत नाही. गोल टोकाने भोसकलं जाणं जवळपास टळतं, कापणं टळत नाही. तेव्हा ते निव्वळ आईबापांचं समाधान नाही, पण अर्धंच संरक्षण आहे हे लक्षात ठेवा.

कापलंच तर स्वच्छ कापडाने सरळ दाबून धरा, हात वर, घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. बघितलं की जमत आलेलं रक्त सुटतं आणि पुन्हा शून्यापासून. मग वाहत्या पाण्याखाली धुवा. जखमेच्या कडा मिटत नसतील, बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, पुढचा भाग बधिर वाटत असेल, किंवा दहा मिनिटांनंतरही थांबत नसेल तर दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्यात का ते आजच बघून ठेवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका, आम्हाला नंतर तेच खरवडत बसावं लागतं.

शंकासुर

आणि हातमोजे? जाळीचे मिळतात ते?

पांढराडगला

सहज न कापले जाणारे मोजे लाकूड धरलेल्या हातात जरूर घाला. त्यांच्यावर ईएन ३८८ हे युरोपीय मानक असतं. कापण्याला किती टिकतात ते ए ते एफ अक्षराने दाखवतात, एफ सगळ्यात जास्त. भोसकण्याचा आकडा वेगळा असतो आणि विणलेल्या मोज्यांत तो बऱ्याचदा कमी. टोक विणीतून आत जातं. म्हणून गोल टोक अधिक मोजा, ही जोडी चांगली. मापाचा मोजा मिळाला तरच. ढगळ मोज्याने पकड जाते, मग न घातलेला बरा.

उंबरठा

मला हा सगळा धागा वाचून अस्वस्थ वाटतंय, म्हणून लिहिते. पोरगी हुशार असेल, शिस्तीची असेल. पण घरात चार वर्षांचा मुलगा आहे ही गोष्ट धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिली आणि एवढ्या प्रतिसादांत कुणीही त्यावर चकार शब्द काढला नाही. तो ताईचं बघून तेच करणार. तिच्या खिशातला चाकू म्हणजे त्याच्या हाताशी असलेला चाकू. गोल टोक, कडी, मोजे हे सगळं तिच्यासाठी. त्याच्यासाठी काय?

सुतारपक्षी

उंबरठा, कान धरले. तुमचं बरोबर आहे.

घरात चार वर्षांचं पोर असेल तर चाकू मुलीच्या मालकीचा असला तरी मुक्काम तिच्या खिशात नको. कुलपाच्या कप्प्यात, किल्ली मोठ्यांकडे. ती मागणार, आपण देणार, काम झालं की पुसून परत. खिशात घालायचा तो फक्त मोठं माणूस बरोबर असताना, बाहेर.

आणि धाकटा झोपलेला असताना किंवा घरात नसतानाच वेळ ठेवा. तो जागा असेल तर 'हातभराचं रिंगण' शिकवा. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. रिंगणात कुणी आलं की चाकू बंद. रिंगण सांभाळायची जबाबदारी चाकूवाल्याची, आत येणाऱ्याची नाही. धाकट्याने धावत येऊन मिठी मारली तरी चूक ताईची, हे तिला आधी सांगून ठेवायचं.

उंबरठा

कुलपाचं लिहिलंत, बरं वाटलं. तरी माझं मत दोन वर्षं थांबावं असंच.

पिंपळपान

उंबरठा, तुमच्या प्रतिसादानंतर रात्री नवऱ्याशी बोलले. तो 'बारा' म्हणत होता तो धाकट्याच्याच भीतीने, मला उगाच वाटलं होतं की मुलगी म्हणून. कुलपाचा कप्पा म्हटल्यावर 'बघू' वर आला आहे.

चकमक

'बघू' म्हणजे झालंच समजा.

सुतारपक्षी, धारेबद्दल लिहा ना. लोक मुलांना मुद्दाम बोथट चाकू देतात, तुम्ही समजावलंत तर ऐकतील.

सुतारपक्षी

बोथट चाकू लाकडात शिरत नाही. मग पोर जोर लावतं, पातं लाकडावरून घसरतं आणि तो सगळा जोर जिथे जायचा तिथे जातो. धारदार चाकू थोड्या जोराने शिरतो, कुठे चाललाय ते हाताला कळतं, थांबवता येतो. मुलांसाठी धार कमी करून नाही, जोर कमी करून सुरक्षितता येते.

धार तपासायची ती कागदावर. कागदाचं पान उभं धरून वरून पातं ओढा, सरळ कापलं तर धार आहे, फाटलं तर गेली. अंगठा फिरवून बघायची मोठ्यांची सवय मुलांसमोर तरी सोडा, ती सगळ्यात आधी तीच उचलतात.

धार लावायला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) दगड पुरतो. दगड पाण्याने भिजवायचा, पात्याचा कोन दर बाजूला १५ ते २० अंश, म्हणजे पातं जवळजवळ आडवंच, पाठ थोडी उचललेली. दोन्ही बाजूंना सारखेच हात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून चार-सहा वेळा ओढायचं. पहिलं वर्षभर हे तुम्ही करा, तिने शेजारी बसून बघायचं. पातं न गंजणाऱ्या पोलादाचंच घ्या. कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, पण ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी डाग. मुलं ओला ठेवणारच.

शिकवायचा क्रम: आधी साबण. तुमच्या मुलीने ते परस्परच उरकलंय. मग ताजी ओली काठी, अंगठ्याएवढी जाड, गाठ नसलेली. ओलं लाकूड लोण्यासारखं जातं. वाळलेल्या आणि गाठीच्या लाकडावर पोरांचा धीरही जातो आणि धारही. पहिले काही दिवस नुसती साल काढायची, स्वतःपासून दूर, लांब हाताने. त्यात कंटाळली तर टोक काढायचं. पेन्सिलीसारखं टोक एका बाजूने चाळीस ढलप्यांत यायला लागलं की समजा हात बसला. मग आडवी खाच: आधी सरळ दाबून थांबायची रेघ, मग तिच्याकडे तिरपं तासत यायचं, ढलपी रेघेपाशी आपोआप तुटते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, मी अजून त्यासाठीच शिकवतो बहुधा.

स्वतःच्या दिशेने तासणं, म्हणजे अंगठा टेकवून फळ सोलतात तसं, पहिल्या वर्षात नाही. विचारतील. नाही म्हणायचं.

मधलीसुट्टी

अमेरिकेत स्काउटांमध्ये यासाठी कार्ड असतं, 'टोटिन चिप' म्हणतात. चाकू, कुऱ्हाड, करवत वापरायचे नियम शिकून दाखवले की मिळतं. नियम मोडला की मोठं माणूस कार्डाचा एक कोपरा कापतं. चारही कोपरे गेले की हक्क गेला, परत सगळं शिकून दाखवायचं. आम्ही घरी पुठ्ठ्याचं केलं. ओरडण्यापेक्षा कोपरा कापलेला जास्त लागतो असं दिसलं.

पिंपळपान

हे तिला फारच आवडणार. कार्ड तीच रंगवेल.

रानमोगरा

जाता जाता दोन गोष्टी. शाळेच्या दप्तरात चाकू कधीही नाही, चुकूनही नाही. दप्तर भरताना खिसे बघायची सवय तुम्हालाच लावावी लागेल. विमानात केबिनमध्ये चालत नाही, सामानात टाकावा लागतो. आणि बाहेर जवळ बाळगण्याचे नियम जागोजाग वेगळे आहेत, पात्याची लांबी, लॉक, वय, सगळ्यावर. आपल्या इथला नियम वाचल्याशिवाय खिशात घालू नका.

शिवाय स्प्रिंगने उडून उघडणारे, एका हाताने झटका देऊन उघडायचे, ते सगळे बाद. ते कितीही 'भारी' दिसोत.

शंकासुर

मला आता स्वतःसाठीच घ्यावासा वाटायला लागलाय.

पिंपळपान

ताजी खबर, दीड महिन्यानंतर

वर काढते धागा. दुकानात दोन्ही चाकू तिच्या हातात दिले आणि मी सुतारपक्षींच्या सांगण्याप्रमाणे हात मागे बांधून उभी राहिले. लाल स्विस नवा कोरा होता, स्प्रिंग कडक, तिच्या नखाने पातं तीनदाच निघालं. तिसऱ्या वेळी नख दुमडलं. ओपिनेल सात नंबरचा, गोल टोकाचा, दहाच्या दहा वेळा उघडला आणि मिटला. चकमक, वाईट वाटून घेऊ नका, नखांनी निकाल दिला. मामाला त्याची वीट स्वतःसाठी घ्यायची परवानगी मिळाली.

पहिले आठ दिवस रानमोगरांच्या पद्धतीने, उघडून द्यायचा आणि मिटून घ्यायचा. मग 'कडी'. आता धाकटाही घरभर 'कडी, कडी' करत फिरतो, हातात चमचा घेऊन. चाकू कपाटाच्या कुलपात, किल्ली माझ्या पर्समध्ये.

मध्ये एकदा चाकू उघडेचना. पावसात भिजला होता, लाकूड फुगलं आणि पातं आत गच्च बसलं.

कार्डाचे दोन कोपरे गेलेत. एक कोपरा कडी विसरल्याबद्दल. दुसरा काठी आखूड होत गेली तरी ती तशीच धरून बसली म्हणून, आणि त्या वेळी तर्जनीला कापलंही. मोजा काढून ठेवला होता, 'गरम होतं' म्हणून. दहा मिनिटं घड्याळ लावून दाबलं. साडेतीन मिनिटांनी मीच उघडून बघणार होते, तीच म्हणाली, 'आई, अजून साडेसहा.' टाके नाही लागले. ती स्वतः येऊन सांगून गेली, हे विशेष, कारण मी तेव्हा फोनवर होते आणि मला कळलंही नसतं.

पांढराडगला

साडेसहा! तिला आमच्याकडे पाठवा, आमच्या निम्म्या पेशंटांना हे समजावता येत नाही.

चकमक

नखांपुढे इलाज नाही, मान्य. फुगलेला चाकू उघडायची युक्ती सांगतो: मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी धरून ओढा. हे तुम्ही करायचं, तिने नाही. आणि वाळल्यावर सांध्यात थोडं तेल.

पिंपळपान

आपटला, आला! तेल आज घालते.

परवा मामा आला होता. चाकू हातात घेतला आणि सवयीने धारेवर अंगठा फिरवायला गेला. तिने त्याच्या हातातून चाकू काढून घेतला, कडी फिरवली, मिटला आणि त्याला कार्डासाठी पुठ्ठा आणून दिला.

सुतारपक्षी

त्याचा एक कोपरा आधीच कापून द्या.